बोर्दोचा पहिला प्रवास: शहर, द्राक्षबागा आणि समुद्र, पायरीपायरीनं

निफाड तालुक्यातल्या आमच्या घरात ‘बोर्डो’ हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. पाऊस लांबला, की अण्णा एका ड्रममध्ये मोरचूद भिजत घालायचे, दुसऱ्यात चुना विरवायचा, आणि दोन्ही एकत्र आले की आभाळाच्या रंगाचं पाणी पंपात भरलं जायचं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. केवडा या द्राक्षावरच्या बुरशीरोगाचं हे औषध ज्या शहराच्या नावानं ओळखलं जातं ते बोर्दो फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, गारोन नदीच्या काठी आहे, हे मला बरंच उशिरा कळलं.

आजवर मी तिथं दोनदा गेले. पहिल्यांदा एकटी, पॅरिसहून एका दिवसात जाऊन-येऊन, आणि तेही रविवारी. नकाशावर जवळ दिसणाऱ्या बागा प्रत्यक्षात पन्नास किलोमीटरवर निघाल्या, पोचले तर फाटकं बंद, आणि संध्याकाळची गाडी गाठायच्या घाईत शहरही धड पाहिलं नाही. दुसऱ्यांदा आई-अण्णांना घेऊन पाच दिवस राहिले, आणि तेव्हा कुठे हा मुलूख उमगला. पहिल्या खेपेला मला जे कोणी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. शहर, द्राक्षबागा आणि समुद्र या तिन्ही गोष्टी इथे एका तासाच्या रेल्वेप्रवासात बसतात, आणि तिन्ही एकमेकींवाचून समजत नाहीत. बागांनी शहराला पैसा दिला, नदीनं तो माल समुद्राकडे नेला. म्हणून पाच दिवस काढा, निदान चार तरी. पॅरिसच्या सहलीला जोडलेला एक दिवस म्हणून इथे येऊ नका.

१. आधी महिना ठरवा, मग तिकीट

आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या होतात, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोड्या बहाराची. तिथं छाटणी एकदाच, कडाक्याच्या थंडीत. मार्चअखेर ते एप्रिलात फूट निघते, जूनच्या सुरुवातीला फुलोरा येतो, ऑगस्टमध्ये मणी रंग धरतात आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत काढणी चालते.

पहिल्या प्रवासासाठी मी मे-जून सुचवेन. बागा हिरव्यागार असतात, दिवस मोठा असतो, रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो आणि मालकांना बोलायला सवड असते. काढणी बघायची हौस असेल तर सप्टेंबर गाठा, पण त्या दिवसांत बरेच छोटे बागायतदार पाहुणे घेत नाहीत. ऑक्टोबर छाटणीच्या ऐन धामधुमीत आपल्या दारात कोणी कॅमेरा घेऊन उभं राहिलं तर आपणही काय म्हणू! ऑगस्टमध्ये फ्रेंच लोक स्वतःच सुट्टीवर असतात, त्यामुळे शहरातली पुष्कळ दुकानं बंद आणि समुद्रकिनारे मात्र गच्च. हिवाळ्यात भाडी उतरतात, पण बागेत नुसते काळे खुंट दिसतात.

२. व्हिसाची फाईल: इथे घाई करू नका

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. तुमच्या एकूण प्रवासातल्या सगळ्यात जास्त रात्री फ्रान्समध्ये असतील तर अर्ज फ्रान्सकडेच करायचा. रात्री समसमान असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटा भराभर संपतात, म्हणून मेमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारीतच फाईल लावा. आधी फ्रान्सच्या सरकारी व्हिसा संकेतस्थळावर अर्ज भरायचा, त्याची छापील प्रत घ्यायची आणि मग व्हिसा अर्ज केंद्रावर बोटांचे ठसे द्यायला स्वतः जायचं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात ही सोय आहे. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही सोबत ठेवा.
- अलीकडचे दोन फोटो, ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर.
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा. मधली एक रात्रही मोकळी सोडू नका.
- प्रवास विमा: संपूर्ण शेंगेन भागासाठी, किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा.
- बँकेचं स्टेटमेंट, बँकेच्या सही-शिक्क्यासह, आणि आयकर विवरणपत्रं.
- नोकरी असेल तर पगाराच्या पावत्या आणि रजा मंजूर केल्याचं पत्र, व्यवसाय असेल तर नोंदणीचा कागद.
- एक पानी पत्र: कुठे, किती दिवस, कोणासोबत, खर्च कोण करणार.

प्रौढांसाठी शुल्क ९० युरो (जून २०२४ पासून), आणि त्यावर केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

शेतकरी आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. आमची फाईल इथेच अडकली होती. अण्णांच्या खात्यात वर्षभर फारशी हालचाल नसते, आणि मार्चमध्ये बागेचा माल विकला गेला की एकदम मोठी रक्कम येते. स्टेटमेंट नुसतं पाहणाऱ्याला वाटतं, व्हिसासाठी कोणाकडून तरी उसने पैसे भरलेत. आम्हाला आणखी कागद मागितले गेले. मग मी सातबारा, आठ अ, द्राक्षाच्या विक्रीच्या पावत्या आणि त्या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर जोडलं, आणि पत्रात सरळ लिहिलं की आमचं पीक वर्षातून एकदा येतं, म्हणून पैसाही एकदाच येतो. व्हिसा मिळाला. तुम्ही हे कागद पहिल्याच फेरीत लावा. मराठी कागद भाषांतराशिवाय देऊ नका.

अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणून जादा पैसे मागणारे दलाल भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

३. पॅरिसहून बोर्दो गाठणं

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून बोर्दोच्या सें-जाँ स्थानकापर्यंत वेगवान गाडीला दोन तासांहून थोडं जास्त लागतं. २०१७ साली नवा मार्ग सुरू झाला, त्याआधी तीन तासांच्या वर लागायचे. विमानतळावरून मोंपार्नासला सामानासकट पोचायला सवा-दीड तास धरा. इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नसतो, म्हणून विमान उतरणं आणि गाडी सुटणं यांत निदान चार तास ठेवा. पॅरिसच्या मोठ्या विमानतळावरूनच बोर्दोला थेट जाणाऱ्या काही गाड्या आहेत, वेळ जुळली तर त्याच घ्या. आई-वडिलांसोबत बॅगा घेऊन पॅरिसची मेट्रो चढण्या-उतरण्यापेक्षा ते कितीतरी सुखाचं. तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात, ऐनवेळी तिप्पट भाव लागतो. स्वस्त गाड्यांमध्ये बॅगेचं माप ठरलेलं असतं, ते तिकीट काढतानाच वाचा.

स्थानकाबाहेर ट्राम मिळते. सी मार्गाची ट्राम नदीकाठानं थेट जुन्या शहरात नेते. तिकीट घेतलं तरी चढल्यावर यंत्राला लावायला विसरू नका, नाहीतर तपासनीस दंड करतो, आणि ‘आम्ही नवीन आहोत’ हे कारण चालत नाही. मुक्काम जुन्या शहरात किंवा शार्त्रों भागात घ्या. स्थानकाजवळ खोल्या स्वस्त असतात, पण संध्याकाळी चालत नदीकाठी जाण्यातलं सुख तिथं नाही.

४. शहर पायी बघा

पहिल्या दिवशी कुठलंही तिकीट काढू नका. नदीवर जा.

गारोन इथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून या बंदराला पूर्वापार ‘चंद्राचं बंदर’ म्हणतात. पाणी गढूळ, मातकट दिसेल. ते प्रदूषण नव्हे. समुद्राची भरती इथवर आत येते आणि गाळ सतत ढवळत राहतो. काठावर अठराव्या शतकातल्या फिक्या पिवळ्या चुनखडकाच्या इमारतींची एकसंध ओळ आहे, आणि मधोमध ‘प्लास द ला बूर्स’ हा चौक. त्याच्यासमोर ग्रॅनाइटच्या फरशीवर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी सोडून केलेला ‘पाण्याचा आरसा’ आहे, २००६ सालचा. पाणी भरतं, इमारती त्यात उलट्या उभ्या राहतात, मग पाणी ओसरतं आणि फरशीतून धुकं उठतं. आई तिथं चपला हातात घेऊन पोरांच्या घोळक्यात तासभर फिरत होती. थंडीत हे बंद असतं.

वर मान केलीत तर ट्रामच्या तारा दिसणार नाहीत. जुन्या शहराचं रूप बिघडू नये म्हणून ट्रामला वीज रुळांच्या मधल्या पट्टीतून दिली आहे. २००७ साली युनेस्कोनं शहराचा सुमारे १८०० हेक्टरचा भाग जागतिक वारसा म्हणून नोंदवला.

दुसऱ्या दिवशी सें-आंद्रे कॅथेड्रलपासून सुरुवात करा. इथे ११३७ साली अक्वितेन या इथल्या प्रांताची वारसदार एलेनॉर हिचं फ्रान्सच्या राजपुत्राशी लग्न झालं. ते मोडलं, आणि ११५२ मध्ये तिनं ज्या हेन्रीशी दुसरं लग्न केलं तो दोन वर्षांत इंग्लंडचा राजा झाला. त्यामुळे हा सगळा मुलूख सुमारे तीनशे वर्षं इंग्रजांच्या राजघराण्याकडे राहिला, १४५३ च्या कास्तियोंच्या लढाईपर्यंत. इंग्रजांना इथल्या वाईनची चटक लागली ती तेव्हापासून. मग सतरा कमानींचा दगडी पूल, १७८० चं भव्य नाट्यगृह आणि १४९५ चा काइयो दरवाजा, सगळं चालण्याच्या अंतरात.

या देखण्या इमारतींमागे गुलामांच्या व्यापाराचा पैसाही आहे. सुमारे दीड लाख आफ्रिकी माणसं बोर्दोच्या जहाजांनी अमेरिकेकडच्या वसाहतींत नेऊन विकली. शहरानं आता हे लपवणं सोडलं आहे. अक्वितेन संग्रहालयात त्यासाठी स्वतंत्र दालनं आहेत, आणि नदीकाठी मोदेस्त तेस्तास या गुलाम करून विकल्या गेलेल्या स्त्रीचा पुतळा २०१९ मध्ये उभा राहिला. इमारतींच्या दारांवर कोरलेले दगडी चेहरे बघत चाला. त्यांत आफ्रिकी चेहरेही आहेत. हे न बघता शहर बघितलं असं मी म्हणणार नाही.

वाईनबद्दल काहीच माहिती नसेल तर बागांना जाण्याआधी ‘सिते द्यु व्हँ’ हे २०१६ साली उघडलेलं संग्रहालय बघा. तीन तास सहज जातात. तिकिटात आठव्या मजल्यावर एक पेला वाईन मिळते, न पिणाऱ्यांना द्राक्षाचा रस.

५. द्राक्षबागा: दोनच ठिकाणं निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे नकाशा समजून घ्या. गारोन आणि दोर्दोन या नद्या एकत्र येऊन जिरोंदची खाडी होते आणि ती अटलांटिकला मिळते. खाडीच्या डाव्या काठावर मेदोक. तिथं गोट्यागोट्यांची निचऱ्याची जमीन, आणि काबर्ने सोव्हिन्यों ही जात मुख्य. उजव्या बाजूला सेंत-एमिलियों आणि पोमरोल. तिथं चिकणमाती आणि चुनखडक, आणि मर्लो मुख्य. दोन्ही काठ एका दिवसात करायचा प्रयत्न करू नका, सगळा वेळ गाडीत जाईल.

दुसरं, ‘शातो’ शब्दाला फसू नका. शब्दाचा अर्थ गढी किंवा वाडा, पण इथे कुठल्याही द्राक्षबागेला शातो म्हणतात. काही ठिकाणी खरोखर राजवाडा असतो, काही ठिकाणी पत्र्याची शेड. मला शेडवाल्यांकडे जास्त शिकायला मिळालं.

तिसरं, वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका. दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा: किती जण, कुठली भाषा, किती वाजता. रविवार टाळा, पुष्कळ जण त्या दिवशी बंद असतात. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभावावरून मेदोकच्या बागांची पाच दर्जांची यादी केली. ती आजही चालते, आणि पहिल्या दर्जात १९७३ मध्ये झालेली मूतों या शातोची बढती हाच तिच्यातला एकमेव मोठा बदल. त्या पहिल्या दर्जाच्या पाच नावांच्या मागे लागू नका. तिथं सर्वसाधारण प्रवाशाला सहसा प्रवेश मिळत नाही, आणि मिळालाच तरी मालक भेटत नाही. त्यापेक्षा बाटलीच्या टोपणावर खांद्यावर पिंप घेतलेल्या माणसाचं चिन्ह शोधा. स्वतःची द्राक्षं स्वतः पिकवून स्वतःच वाईन करणाऱ्या स्वतंत्र बागायतदारांचं ते चिन्ह आहे. शहरातल्या पर्यटन कार्यालयातूनही अशा बागांच्या भेटी ठरवता येतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सेंत-एमिलियों घ्यावं. बोर्दोहून रेल्वेनं चाळीसेक मिनिटं. स्थानक गावापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे, रिक्षा-टॅक्सीची वाट बघत बसू नका. दोन्ही बाजूंना बागाच आहेत, चालत जा. मात्र परतीच्या गाड्या कमी असतात, त्यांच्या वेळा आधी टिपून घ्या. गावात एका अखंड चुनखडकात कोरलेलं बाराव्या शतकातलं चर्च आहे. वेरूळ पाहिलेल्या माणसाचा हात त्या खांबांवर आपोआप जातो. आत फक्त मार्गदर्शकासोबत सोडतात, त्यामुळे इंग्रजी फेरीची वेळ आधी नोंदवा. १९९९ साली या गावासकट आसपासच्या बागाही युनेस्कोच्या यादीत गेल्या.

गावाबाहेरच्या एका छोट्या बागेत आम्ही वेळ घेतली होती. मालक साठीचे, अण्णांच्याच वयाचे. अण्णांनी आत शिरल्या शिरल्या वाकून वेलीचा खुंट हातात धरला, कारण तो गुडघ्याएवढाच उंच होता. आपल्याकडे मांडव किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखा आधार, डोक्यावर घड. इथे जमिनीपासून वीतभर वर घड, म्हणजे दगडांत साठलेली दिवसाची ऊब रात्री त्यांना मिळते. ठिबक कुठे दिसेना. मी विचारलं तर ते म्हणाले, मोठ्या वेलीला पाणी देत नाही, मुळं खोल जाऊ देतो. मेदोकमध्ये तर हेक्टरी दहा हजारांपर्यंत वेली असतात. आपण नऊ बाय पाच फुटांवर लावतो, तेव्हा हेक्टरी २४०० च्या आसपास बसतात. अण्णांनी हा आकडा मला दोनदा विचारून घेतला. ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले होते. गुलाबावर भुरी हा बुरशीरोग आधी दिसतो, म्हणून ही जुनी चाल.

मग अण्णांनी मला शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं निळ्या भुकटीच्या गोण्या रचलेल्या होत्या. त्यांनी मालकाला नुसतं ‘बोर्डो?’ म्हणून विचारलं. मालक हसले, ‘बुयी बोर्दलेज’ म्हणाले आणि एक गोणी उघडून दाखवली. १८८० च्या दशकात मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी घड खाऊ नयेत म्हणून मोरचूद-चुन्याचं निळं पाणी मारत. बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींची पानं केवड्यातून वाचली आहेत. १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडलं, आणि तेच आमच्या ड्रमपर्यंत आलं. पुढचा अर्धा तास अण्णा मराठीत बोलत होते, मालक फ्रेंचमध्ये, आणि मी मध्ये पडायची फारशी गरज नव्हती. खुंटाची जात विचारली तर अमेरिकन निघाली. अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीनं एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हापासून कलम अमेरिकन मुळांवर करतात. आमचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच.

त्यांची अडचणही ऐकली. वाईनची मागणी घटली, भाव पडले, आणि बोर्दो परिसरातल्या हजारो हेक्टर बागा सरकारी मदत घेऊन उपटल्या गेल्या. त्यांच्या शेजारच्या तुकड्यात आता नुसतं गवत होतं. बाग उपटणं म्हणजे काय, ते अण्णांना समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरी भेट जमली तर सोतेर्नला करा. तिथं शरद ऋतूतल्या सकाळी धुकं येतं, मण्यांवर एक बुरशी चढते, मणी सुकतो आणि साखर दाटते. मजूर बागेतून पुन्हापुन्हा फिरून फक्त सुकलेले मणी वेचतात. कुजका मणी आपण कात्रीनं काढून टाकतो, आणि तिथं त्याचीच सगळ्यात महाग गोड वाईन होते.

६. चव घेताना

तीन-चार पेल्यांत थोडी थोडी वाईन ओततात. सगळी प्यायलाच हवी असं नाही. टेबलावर पिकदाणीसारखं भांडं असतं, तोंडात घोळवून त्यात थुंकणं तिथं शिष्टाचारच मानतात. आई पीत नाही. तिनं प्रत्येक पेल्याचा फक्त वास घेतला, आणि जांभूळ आणि ओल्या लाकडाचा वास येतो, हे सगळ्यांत आधी तिनंच सांगितलं. न पिणाऱ्यांनी या मुलखात जाऊ नये, हा गैरसमज मनातून काढा.

गाडी भाड्यानं घेतली असेल तर चालवणाऱ्यानं थेंबही घेऊ नये. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, आणि दोन बागांनंतर ती कधी ओलांडली जाते ते कळत नाही.

घ्यायची सक्ती नसते, पण छोट्या बागेत तासभर वेळ घेतल्यावर एखादी बाटली घ्यावी.

७. समुद्राचा दिवस

बोर्दोहून आर्काशोंला रेल्वेनं पाऊण ते एक तास. तिथून बसनं पिलाच्या वाळूच्या टेकडीवर. ही युरोपातली सगळ्यात उंच वाळूची टेकडी, सुमारे शंभर मीटर उंच आणि जवळपास तीन किलोमीटर लांब. वसंतापासून शरदापर्यंत चढायला जिना लावतात, तरी वर पोचेपर्यंत दम लागतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, दुपारी वाळू पाय भाजते. पाणी सोबत हवंच. वर एका अंगाला अटलांटिक आणि आर्गँचा वाळूचा दांडा, दुसऱ्या अंगाला पाइनचं काळंभोर जंगल. टेकडी दरवर्षी काही मीटर आत सरकते आणि जंगलाला गिळत जाते, झाडांचे शेंडे वाळूतून डोकावताना दिसतात. जुलै २०२२ च्या वणव्यात इथलं हजारो हेक्टर जंगल जळालं, त्याच्या खुणा अजून आहेत.

आर्काशोंचा उपसागर कालवांसाठी, म्हणजे ऑयस्टरसाठी, प्रसिद्ध आहे. कोकणातल्या वाचकांना कालवं नवी नाहीत, पण इथली शेती बघण्यासारखी. चुन्याचा लेप दिलेली कौलं पाण्यात ठेवतात, त्यांवर कालवांची पिल्लं चिकटतात, मग ती खरवडून वाढवायला ठेवतात. हे बघायला रेल्वेमार्गावरच्याच गुजाँ-मेस्त्रास गावी उतरा. निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. ओहोटीला उपसागराचा मोठा भाग उघडा पडतो आणि नुसता चिखल दिसतो. आर्काशोंहून काप फेरेला होडी जाते, अर्ध्या तासाची. ती भरतीच्या वेळी घ्या.

पोहणाऱ्यांसाठी एक कडक सूचना. उपसागराच्या आत पाणी शांत असतं, पण लाकानोसारख्या उघड्या अटलांटिक किनाऱ्यावर ‘बाईन’ नावाचे खड्डे तयार होतात. वरून ते शांत डबक्यासारखे दिसतात, आणि भरती-ओहोटीत माणसाला आत ओढून नेतात. दरवर्षी माणसं बुडतात. रक्षकांच्या निशाणांमधल्या पट्ट्यातच उतरा. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.

८. खाणं, विशेषतः शाकाहारींसाठी

जेवण दुपारी बारा ते दोन आणि रात्री सात-साडेसातनंतर. अडीच वाजता गेलात तर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुकानंही दुपारनंतर बंद, म्हणून शनिवारी फळं, दही, पाव आणून ठेवा.

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बटाटे बऱ्याचदा बदकाच्या चरबीत तळतात. मेन्यूत मांस दिसत नाही म्हणून शाकाहारी समजू नका. ‘ग्रेस द कानार?’ असं विचारा, होय म्हणाले तर दुसरं मागा. ‘सां व्हियांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. आणि काहीही विचारण्याआधी ‘बोंजूर’ म्हणा. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला की समोरचा माणूस तुटक बोलतो, हे मी पाचही दिवस पाहिलं.

कानले नावाचा छोटा, खाचांचा, बाहेरून गडद तपकिरी आणि आतून मऊ केक जरूर खा, पण त्यात अंडं आणि रम असते. वाईन नितळ करायला पिंपात अंड्याचं पांढरं घालायची इथं जुनी रीत आहे, आणि उरलेल्या बलकातून कानले आला असं सांगतात. त्यामुळे काटेकोर शाकाहारींनी वाईन घेतानाही विचारून घ्यावं. काप्युसँ बाजारात सकाळी ताजी भाजी, चीज, फळं मिळतात. सोमवारी तो बंद असतो.

९. परतताना बाटल्या

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे माणशी दोनच बसतात, तिसरीवर शुल्क भरावं लागतं. दोघांच्या मिळून चार बाटल्या एकाच्याच बॅगेत ठेवू नका, ज्याच्या त्याच्या वाट्याच्या त्याच्या त्याच्या बॅगेत ठेवा. बाटल्या चेक-इन बॅगेतच, मधोमध, कपड्यांत गुंडाळून. बागेतून घेतलेली बाटली हातातल्या बॅगेत विमानतळावर काढून घेतात. बिलं जपून ठेवा.

घरी आल्यावर बाटली फ्रिजच्या वर किंवा ओट्याजवळ ठेवू नका. नाशिकच्या एप्रिलात ती महिनाभरात बिघडेल. अंधारी, गार जागा शोधा आणि आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. त्या मालकांनी अण्णांना दिलेली बाटली आमच्या मधल्या खोलीतल्या धान्याच्या कोठीमागे तशीच आडवी आहे. दहा वर्षांनी उघडा, असं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं होतं.